सिलिंडरचा बोअर वाढवणे

सिलिंडरचा बोअर वाढवणे : इंजिनाच्या सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोठा करून त्यात त्या मापाचा पिस्टन बसवण्याची प्रक्रिया. झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ करणे हा तिचा जुना व आजही सर्वांत मोठा उपयोग. आकारमान वाढवून जास्त शक्ती मिळवणे हा दुसरा. टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात हवा केवळ वातावरणाच्या दाबाने आत शिरते. ती कोंबता येत नाही, तेव्हा ती मावण्याची जागा वाढवायची किंवा इंजिन जास्त वेगाने फिरवायचे, असे दोनच मुख्य मार्ग उरतात. मोठा बोअर दोन्हींना साहाय्य करतो; मात्र किती, याबद्दल उत्साही मंडळींचा अंदाज बहुधा चढा असतो.

आकारमान बोअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तर स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेच्या लांबीच्या, सरळ प्रमाणात. ८६ मिमी. बोअर आणि ८६ मिमी. स्ट्रोक असलेल्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचे आकारमान १,९९८ घ.सेमी. भरते. बोअर ८७ मिमी. केल्यास ते २,०४५ होते, म्हणजे वाढ सुमारे २.३ टक्के. गॅरेजमधील नेहमीची ०.५० मिमी. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून तेवढी मोठी, घेतली तर वाढ जेमतेम १.२ टक्के. ०.२५ मिमी.च्या टप्प्यांनी मिळणारे ओव्हरसाइज पिस्टन दुरुस्तीसाठी असतात, शक्तिवाढीसाठी नव्हे. ‘बोअर केल्यावर गाडी पळायला लागली’ हा अनुभव खोटा नसतो. पण त्याचे श्रेय बहुतेक पिस्टनच्या नव्या रिंगांना आणि परत मिळालेल्या कॉम्प्रेशनला (हवा घट्ट दाबण्याच्या क्षमतेला) जाते.

बोअर आणि शक्ती यांचा संबंध प्रथम कोणी सूत्रबद्ध केला, याविषयी एकवाक्यता नाही. सर्वांत प्रसिद्ध सूत्र ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या नावाने ओळखले जाते. त्याचा काळ साधारण १९०६ ते १९१० असा धरतात. कर आकारणीसाठी त्याचा वापर १९१० च्या सुमारास सुरू झाला. इंचांतील बोअरचा वर्ग गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५, एवढेच ते सूत्र. ५६ मिमी. बोअरच्या चार सिलिंडरांच्या ऑस्टिन सेव्हनची करपात्र अश्वशक्ती त्यानुसार ७.८ येत असे. स्ट्रोकचा त्यात उल्लेखही नाही. १९२१ पासून दर अश्वशक्तीला एक पौंड कर लागू झाला आणि बारीक बोअर, लांब स्ट्रोक ही ब्रिटिश इंजिनांची ओळख बनली. कराची ही पद्धत १९४७–४८ च्या सुमारास मागे पडली.

लांब स्ट्रोकचा सगळा दोष या कराला देण्याची रीत आहे. ती पूर्णपणे ग्राह्य वाटत नाही. कराआधीच शर्यतींच्या नियमांनी बोअरवर बंधन घातले होते. १९०८ च्या ग्रां प्री नियमांत चार सिलिंडरांसाठी १५५ मिमी.ची मर्यादा होती, आणि छोट्या गाड्यांच्या शर्यतींतील अशाच बंधनातून १९१० ची लायन-प्यूजो ८० मिमी. बोअर व २८० मिमी. स्ट्रोक अशा चमत्कारिक मापांची झाली. शिवाय ब्रिटिश कराशी संबंध नसलेल्या अमेरिकेतही फोर्ड ‘मॉडेल टी’ (३.७५ × ४ इंच) आणि १९३२ चे फोर्ड व्ही-८ (३.०६ × ३.७५ इंच) यांचा स्ट्रोक बोअरपेक्षा मोठाच होता. उलट, कर गेल्यानंतर १९५१ मध्ये आलेले ऑस्टिनचे ८०३ घ.सेमी.चे ए-सीरिज इंजिन ५८ × ७६.२ मिमी. असे लांब स्ट्रोकचेच राहिले. तेव्हा तत्कालीन इंधनाचा नॉकिंगकडे (आपोआप पेटून ठोके देण्याकडे) असलेला कल, झडपांची मांडणी आणि कारखान्यांतील जुनी यंत्रसामग्री यांनाही कारणांत जागा द्यावी लागते. मोठ्या बोअरकडे निर्णायक वळण १९४९ च्या ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक यांच्या ओव्हरहेड-व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या वर असलेल्या) व्ही-८ इंजिनांपासून मानणे सोयीचे आहे.

त्या जुन्या सूत्राची पुष्कळ थट्टा झाली, पण त्याचा पाया चुकीचा नव्हता. शक्ती ही सरासरी परिणामी दाब (पिस्टनवर पडणारा सरासरी उपयुक्त दाब), पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ आणि पिस्टनचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. पहिला आणि तिसरा घटक ठरावीक मानले की उरतो फक्त बोअर. सूत्रकारांनी पिस्टनचा वेग मिनिटाला १,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मी. धरला होता, तो आकडा लवकरच कालबाह्य झाला, आणि सूत्र फसले ते तेथे. आता हा वेग उत्तम इंजिनांत सेकंदाला २५ मी.च्या आसपास अडतो. बिनटर्बो इंजिनाचा टॉर्कही (फिरवण्याचा जोर) लिटरमागे साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास घुटमळतो. दोन्ही घटक असे पुन्हा अडल्यावर बोअरचे महत्त्व परत येते. २००६ पासूनच्या फॉर्म्युला वनच्या २.४ लिटर व्ही-८ इंजिनांना बोअरची कमाल मर्यादा ९८ मिमी. होती. त्या बोअरला स्ट्रोक ३९.८ मिमी.पेक्षाही किंचित कमी पडतो, आणि मिनिटाला १८,००० फेऱ्यांनाही पिस्टनचा वेग सेकंदाला २४ मी.च्या आतच राहतो.

स्ट्रोक वाढवला तर काय होते, हे होंडा एस२००० मध्ये दिसते. ८७ मिमी. बोअर कायम ठेवून स्ट्रोक ८४ वरून ९०.७ मिमी. केला, आकारमान १,९९७ वरून २,१५७ घ.सेमी. झाले, पण ९,००० फेऱ्यांची कमाल मर्यादा खाली आणावी लागली. मधल्या वेगांना ओढ वाढली, सर्वोच्च शक्ती जवळपास तेथेच राहिली.

स्ट्रोक न बदलता बोअर वाढवल्याचे चांगले उदाहरण पोर्शे ९११ चे. २.४ एस इंजिनाचा ८४ मिमी. बोअर १९७२ च्या अखेरीस आलेल्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये ९० मिमी. झाला; स्ट्रोक ७०.४ मिमी. तोच. आकारमान १४.८ टक्के आणि टॉर्क सुमारे १८ टक्के (२१६ वरून २५५ न्यूटन-मीटर) वाढला. शक्ती मात्र १९० वरून २१० मेट्रिक अश्वशक्तीवर, म्हणजे १०.५ टक्केच. कमाल शक्तीचा वेगही ६,५०० वरून ६,३०० फेऱ्यांवर उतरला. पोट वाढले, पण त्या मानाने श्वासनलिका वाढली नाही, असा याचा अर्थ. बोअरचा खरा लाभ मोठ्या झडपांना जागा मिळण्यात आणि झडपेची कड सिलिंडरच्या भिंतीपासून दूर जाण्यात आहे. हेड (सिलिंडरवरचे झडपांचे झाकण) आणि पोर्ट (त्यातील हवेच्या वाटा) जुनेच ठेवले तर तो निम्मा वाया जातो. अलीकडचे उदाहरण सुबारू-टोयोटाच्या आडव्या इंजिनाचे : ८६ मिमी.चा बोअर ९४ मिमी. झाला, स्ट्रोक ८६ मिमी.च राहिला, आणि २०५ ऐवजी २५० न्यूटन-मीटर टॉर्क ६,४०० ऐवजी ३,७०० फेऱ्यांनाच मिळू लागला. तेथे इतर भागही नव्याने आखले होते, हे लक्षात घ्यावे लागते.

मर्यादा ठरते ती दोन शेजारी सिलिंडरांच्या मध्यांतील अंतराने, आणि हे अंतर ब्लॉक ओतला जातो तेव्हाच कायमचे ठरते. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये ते ४.४० इंच आहे. १९५५ मधील ३.७५ इंचांचा बोअर १९५७ मध्ये ३.८७५ आणि पुढे ४ इंच झाला. १९७० च्या ४०० घनइंची इंजिनात तो ४.१२५ इंच केल्यावर मध्ये अवघी ७ मिमी. धातू उरली, तीतून पाणी खेळवणे शक्य नव्हते, म्हणून सिलिंडर एकमेकांना जोडून ओतले आणि कोंडणाऱ्या वाफेसाठी हेडमध्ये बारीक भोके ठेवली. जुन्या ब्लॉकच्या भिंती सगळीकडे सारख्या जाड नसतात, कारण ओतकामात गाभा किंचित सरकतो. म्हणून मोठ्या बोअरिंगआधी अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजतात. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर दिलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर साध्या पद्धतीने बोअर करून चालत नाही; वरील पोर्शेत हाच थर वापरल्यामुळे ९० मिमी. शक्य झाले होते.

ज्वलनाच्या बाजूने मोठा बोअर तोट्याचा आहे. ज्योतीला लांब जावे लागते, नॉकिंगचा धोका वाढतो, उष्णता झिरपायला पृष्ठभाग जास्त मिळतो. काटकसरीसाठी आखलेली आजची बिनटर्बो इंजिने म्हणूनच उलट दिशेने गेली. टोयोटाच्या अडीच लिटर इंजिनाची मापे ८७.५ × १०३.४ मिमी. आहेत. ज्वलनकक्ष तोच ठेवून बोअर वाढवला की कॉम्प्रेशन गुणोत्तरही (आतली हवा किती पट दाबली जाते ते) आपोआप चढते : वरील ८६ मिमी.च्या उदाहरणात १० असेल तर ८७ मिमी.ला ते १०.२ होते.

प्रत्यक्ष कामात आधी झीज पाहतात. रिंग जेथून परत फिरते तेथे, सिलिंडरच्या वरच्या टोकाशी, नख अडकेल अशी कड तयार झालेली असते. डायल गेजने वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा माप घेतात. पिस्टन आधी हातात आल्याशिवाय बोअरिंग सुरू करत नाहीत. माप डब्यावरचे नव्हे, पिस्टनचे धरायचे असते. शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी, म्हणजे दगडांनी बारीक घासण्यासाठी, राखतात. हेडचे बोल्ट आवळल्यावर सिलिंडर किंचित वाकडा होतो, म्हणून चांगल्या कामात हेडच्या जागी जाड लोखंडी पाटा तेवढ्याच ताणाने आवळून होनिंग करतात. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांत तेल टिकते. त्या पुसल्या गेल्या तर रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल खाऊ लागते.