पिंपात दोन बोटं जागा

हर्णै बंदरात होडीसाठी डिझेलचं पिंप भरताना वरची दोन बोटं जागा रिकामी सोडतात. काठोकाठ भरलं, तर दुपारी बुचातून डिझेल पाझरायला लागतं.

हिशोब करून बघू. सकाळी २५ अंश सेल्सिअसला २०० लिटर डिझेल भरलं आणि उन्हात ते ४५ अंशांपर्यंत तापलं. डिझेल दर अंशाला दहा हजारात सुमारे ८ भाग फुगतं. म्हणजे २० अंशांत तीन लिटरहून जास्त! लोखंडी पिंपही तापून थोडं मोठं होतं, पण त्याने जेमतेम पेलाभर जागा वाढते. पाणी असतं तर दीड लिटरच्या आतच वाढलं असतं. वजन मात्र तेवढंच राहतं; तापलेलं डिझेल फक्त विरळ होतं. म्हणूनच पेट्रोल पंपावर इंधनाची घनता १५ अंशांवर आणून नोंदवतात.

द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात, पण जागेला बांधलेले नसतात. उष्णता मिळाली की त्यांची धडपड वाढते आणि प्रत्येकाला थोडी जास्त जागा लागते. पाण्याच्या रेणूंची आपसातली पकड घट्ट, म्हणून ते डिझेलपेक्षा कमी फुगतं.

थंडीत उलटं घडतं. डिसेंबरातल्या पहाटे दापोलीकडे खोबरेलाची बाटली थिजते, तेव्हा मधोमध खळगा पडलेला दिसतो. कडेचं तेल आधी गोठतं, मधलं मागून आकसत खाली बसतं. पाण्याचं याबाबतीत सगळंच वेगळं, ते गोठताना फुगतं. गोडं पाणी तर ४ अंशांच्या खाली उतरलं की गोठण्याआधीच पसरू लागतं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मात्र ही खोड नाही. ते गोठेपर्यंत आकसतच जातं.

आणि तापलं की फुगतं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. समुद्राची पातळी वाढते म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वितळणारं बर्फ येतं. पण १९७१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्र जेवढा चढला, त्यातली जवळजवळ निम्मी वाढ निव्वळ पाणी तापून फुगल्याची आहे. कोकणासमोरच्या समुद्रासारखं २८ अंशांच्या आसपासचं पाणी घ्या. त्याचा १०० मीटर जाडीचा थर एका अंशाने तापला, तर सुमारे ३ सेंटीमीटर उंच होतो. आडवं पसरायला जागा नाही, म्हणून सगळी वाढ वरच्या दिशेने. थंड ध्रुवीय पाणी तेवढ्याच उष्णतेने याच्या कितीतरी कमी फुगतं.

३ सेंटीमीटर म्हणजे दीड-दोन बोटंच. पण सपाट पुळणीवर, खाडीकाठच्या खाजणात, माडांच्या मुळांशी उधाणाचं पाणी तेवढ्यानेही बरंच आत शिरतं. शिवाय वरची ऊब खोल पाण्यात उतरायला शतकं लागतात. उद्या हवा तापायची थांबली, तरी खालचं पाणी सावकाश तापत आणि फुगत राहणार आहे.