डोंबिवलीची दिवाळी पहाट

नरक चतुर्दशीला, म्हणजे आश्विन वद्य चतुर्दशीला, सकाळी डोंबिवली पूर्वेच्या फडके रोडवर जी गर्दी जमते तिला डोंबिवलीची दिवाळी पहाट म्हणतात. दिवाळी पहाट म्हटलं की बाकी शहरांत गाण्याची मैफल डोळ्यासमोर येते, इथे तसं नाही. गाणी असली तर असतात, पण मुख्य कार्यक्रम म्हणजे पहिली अंघोळ करायची, नवे कपडे घालायचे, गणपतीला जायचं आणि मग रस्त्यावर उभं राहून ओळखीची तोंडं शोधायची, बस्स.

डोंबिवली ठाणे जिल्ह्यात, मध्य रेल्वेवर सीएसएमटीपासून साधारण ४८ किलोमीटरवर. इथला माणूस एरवी सकाळची लोकल पकडून मुंबईला जातो तो रात्रीच उगवतो, शेजारी राहणारे सुद्धा एकमेकांना प्लॅटफॉर्मवरच दिसतात. सगळे एकाच सकाळी गावात आणि तेही निवांत, अशी वेळ वर्षातून क्वचित येते. फडके रोडचं खरं कारण हेच असावं असं मला वाटतं. रस्ता तसा काही खास नाही, कपड्यांची दुकानं, रिक्षा आणि रोजचं ट्रॅफिक. पण एका बाजूला स्टेशन जवळ आणि दुसरीकडे ग्रामदैवताचं गणेश मंदिर, त्यामुळे दर्शन घेऊन निघालेला माणूस आपोआप तिथेच येतो. हे मंदिर संस्थान १९२४ चं. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागत यात्रा आता गावोगावी निघतात, त्यांची सुरुवात पण इथूनच १९९९ मध्ये झाली.

त्या दिवशी घरात पहाटे चार-साडेचारलाच दिवे लागतात. तेल, उटणं, मोती साबण, अर्ध्या अंघोळीत आई ओवाळते आणि बाहेर कोणीतरी फुलबाजी धरून उभं असतं. अंघोळ झाली की डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, ते म्हणजे नरकासुर, आणि त्याचं बी जिभेला लावायचं, भयंकर कडू. वाड्याच्या अंगणात हे सोपं होतं. आता चौथ्या मजल्यावर दाराबाहेरच्या टाइल्सवर कारीट सटकतं आणि गडगडत थेट लिफ्टपर्यंत जातं, मग ओल्या पायाने नरकासुराच्या मागे धावायचं. त्यानंतर फराळ, आणि चकली तोंडात असतानाच खालून हाका सुरू.

मोबाईल नव्हते तेव्हा शाळा-कॉलेजचा ग्रुप न ठरवता फडके रोडला भेटायचा, कुठल्या कोपऱ्यावर कोण उभं असणार हे सगळ्यांना पाठ. लग्न होऊन किंवा नोकरीसाठी बाहेर गेलेले पण याच सकाळी सापडायचे. मुली नऊवारीत किंवा पैठणीत, मुलं कुर्त्यात, आणि कोण कोणाकडे बघतंय हे सगळ्यांना कळायचं. आता बघण्यापेक्षा फोटो आणि रील्स जास्त. ढोल-ताशा आला, मग स्टेज आले, डीजे आले, आणि शुभेच्छुकांचे एवढे मोठे बॅनर की मागचा कंदील दिसत नाही. वरच्या मजल्यांवर राहणारे आजी-आजोबा वैतागतात, ते बरोबरच आहे. २०२० ला कोरोनात गर्दीला मनाई होती तेव्हा रस्ता इतका रिकामा होता की चुकल्यासारखं वाटत होतं.

मुलांची दिवाळी मात्र त्याआधीच सोसायटीच्या कोपऱ्यात सुरू झालेली असते, किल्ल्यावर. दगड, विटा, त्यावर ओलं गोणपाट आणि मातीचा चिखल. मोहरी किंवा अळीव चार-पाच दिवस आधी पेरलं तरच दिवाळीपर्यंत हिरवं दिसतं, उशीर झाला की किल्ला बोडका. हल्ली सगळ्यात अवघड काम माती मिळवणं, कारण खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. वर सिंहासनावर महाराज आणि उतारावर मावळे, त्यांचं प्रमाण असं की मावळा बुरुजापेक्षा उंच, पण त्याचं कोणाला काही वाटत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तामिळनाडूतला. राजगड, प्रतापगड तर मुलं आधीपासूनच करत होती.

लक्ष्मीपूजन इथे इतर ठिकाणांसारखंच, लाह्या-बत्तासे, नव्या केरसुणीला हळदकुंकू आणि संध्याकाळी फटाके. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन कधीकधी एकाच दिवशी येतात, २०२३ ला १२ नोव्हेंबरला आले होते, तेव्हा सकाळी फडके रोडवर पाय दुखवून घेतलेली माणसं संध्याकाळी पूजेला पेंगत बसली होती.

भाऊबीजेला गर्दी फडके रोडवरून उठून स्टेशनवर जाते. बहीण बदलापूरला, भाऊ ठाण्याला असं असलं की ओवाळायचं ताट पण लोकलनेच जातं. साडी सावरत, मांडीवर फराळाचा डबा घट्ट धरून बसलेल्या बायका, आणि दारात लटकणाऱ्यांना आतून एकच ओरडा, करंज्या आहेत रे, ढकलू नका.