जिभेला तीन महिने तरी द्या

बीपी निघालं की डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा. घरी त्याचा अर्थ होतो, ह्यांचं जेवण वेगळं काढा. चार दिवस अळणी वरण, दुधीची फिकी भाजी आणि पाचव्या दिवशी दादर स्टेशनबाहेर वडापाव, वर मीठ लावलेली तळलेली मिरची. मग सगळे म्हणतात, जिभेवर ताबाच नाही. हा त्या माणसावर अन्याय आहे.

किती खारट आवडावं हे जन्मभरासाठी ठरलेलं नसतं. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही तरुणांना पाच महिने कमी सोडियमचा, म्हणजे कमी मिठाचा, आहार दिला. हळूहळू त्यांना सूप आणि बिस्किटंही कमी खारट असलेलीच आवडू लागली. आवड बदलते, पण तिला दोन-तीन महिने लागतात. आपण चौथ्या दिवशीच निकाल लावतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते ‘ईनॅक’ नावाचं प्रथिन. पेशीच्या आवरणातली ही सोडियमपुरती अरुंद वाट. उंदरांच्या जिभेवर तिच्यातून सोडियम आयन आत शिरतो, पेशीचा विद्युतभार बदलतो आणि मेंदूला खारट चव कळते. हीच वाट आपल्या मूत्रपिंडातही असते. तिथे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं की अशा वाटा वाढतात, लघवीतून जाऊ पाहणारं सोडियम परत रक्तात ओढलं जातं, त्यामागे पाणी येतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाबही चढतो.

सैंधवाने यातलं काही टळत नाही. गुलाबी असलं तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पोटॅशियमवालं मीठ वेगळं, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

म्हणून ताट वेगळं नको, अख्ख्या घराचं मीठ उतरवा. आधी कणकेतलं आणि भातातलं काढा, ते गेल्याचं फारसं कळतही नाही. मग दर पंधरवड्याला आमटी-भाजीतलं थोडं थोडं. कोकम, लिंबू, जिरं भरपूर वापरा. पापड, लोणचं, सुकट, फरसाण यांचा हिशोब वेगळा ठेवा, खरं मीठ तिथेच लपतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅमच्या आत. किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका आणि पुढच्या तपासणीला ती किती दिवस पुरली ते डॉक्टरांना सांगा.