हातचा एक, पण कितीला?

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरत असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं. आता गंमत बघा, सकाळी सातला ग्रुपवर मेसेज येतो ३८.९, नऊला येतो ३८.१०, आणि लगेच कुणीतरी खाली लिहितो, "भावा, पाणी उतराय लागलं". त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण शाळेत शिकवलंय तसंच केलंय त्यानं, ३८.१० म्हणजे ३८.१ आणि ते ३८.९ पेक्षा कमीच असतं. पण इथला टिंब दशांश चिन्ह नाहीये, फूट एकीकडं आणि इंच एकीकडं दिसावेत म्हणून घातलाय तो. पाणी ३८ फूट ९ इंचावरनं ३८ फूट १० इंचावर गेलंय, म्हणजे चढलंय. आणि ३८.११ च्या पुढं ३८.१२ येणारच नाही, सरळ ३९ येणार.

अंकगणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा खरा जीव हातच्यात आहे असं मला वाटतं. खालचं घर कितीला भरतं आणि भरल्यावर वरच्या घरात एक कधी जातो, हे एकदा कळलं की बाकी सगळी नुसती मेहनत. शाळेत हातचा कायम दहाला येतो म्हणून आपली अशी समजूत होऊन बसते की तो दहालाच येतो, आणि कॅल्क्युलेटरची पण तीच समजूत असते. प्रत्यक्षात दिवसभरात आपण इंचाचा बाराला, मिनिटाचा साठला, तासाचा चोवीसला आणि अंड्याचा डझनाला असे चार प्रकारचे हातचे घेऊन मोकळे होतो आणि वर म्हणतो, आपलं गणित कच्चं आहे.

क्रिकेटमध्ये तर हातचा सहाला. १८.४ ओव्हर म्हणजे अठरा ओव्हर आणि चार बॉल. समजा तेवढ्यात १६८ रन झाले, तर रनरेट किती? कॅल्क्युलेटरवर १६८ भागिले १८.४ केलं तर ९.१३ येतं आणि ते चूक आहे. १८ गुणिले ६ म्हणजे १०८, वर ४, एकूण ११२ बॉल, १६८ ला ११२ नं भागलं की बॉलमागं दीड रन, म्हणजे ओव्हरमागं बरोबर ९. नेट रनरेटवर जेव्हा सेमीफायनल अडकलेली असते तेव्हा हा ०.१३ चा फरक संघाला घरी पाठवू शकतो.

आपल्याकडं जुन्या लोकांनी या गोष्टीला फार मान दिला होता. भास्कराचार्यांची लीलावती, साल ११५०, अंकगणितावरचा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ, तो सुरू कुठनं होतो माहितीये का? बेरजेपासनं नाही. आधी मापं येतात. २० वराटक म्हणजे कवड्या मिळून १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क. मग वजनं, मग लांबी, मग धान्याची मापं, आणि हे सगळं झाल्यावर एकं दहं शतं आणि त्याच्या नंतर बेरीज-वजाबाकी. म्हणजे घर कितीला भरतं ते आधी सांगितलं आणि मग कामाला लावलं. (एका निष्कात कवड्या किती होतात ते करून बघा, २०४८० येतात.) आपल्या शाळेत बरोबर उलटं चालतं, पोरं दोन-दोन वर्षं नुसते नागडे आकडे मिळवत बसतात आणि एककं मागनं येतात, तीही पाच मार्कांच्या प्रश्नात. मला तर भास्कराचार्यांचा क्रम जास्त पटतो.

पैशाचं पण तसंच होतं. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयात ६४ पैसे आणि १९२ पै. वाण्याच्या वहीत एकाच बेरजेत तीन तऱ्हेचे हातचे, तीनला, चारला आणि सोळाला. मग दशमान पद्धत आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि हिशोब सोपा झाला, पण मधल्या काळात एक मजा होती. आण्याचे बरोबर ६.२५ पैसे होतात आणि पाव पैशाचं नाणं काही नव्हतं, म्हणून एक आणा ६ नव्या पैशाला, दोन आणे १२ ला, तीन आणे १९ ला आणि चार आणे २५ ला धरायचे. आता चार आण्याची वस्तू एकदम घेतली तर २५ पैसे, आणि आण्या-आण्याची चार वेळा घेतली तर २४. एक पैसा गेला कुठं? कुठंच नाही, पूर्णांक करताना दरवेळी पाव पाव पैसा सांडत गेला. आज जीएसटीच्या बिलात शेवटी दहा-वीस पैशांचा राऊंड ऑफ दिसतो तो याच घराण्यातला.

या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटतात ती धान्याची मापं. गावाकडं आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, धडाधड सांगतील, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. गावागणिक नावात आणि मापात थोडा फरक पडतो पण ठेका तोच, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. म्हणजे इथं हातचा दोनला येतो. आणि हातचा दोनला येणारं गणित कोण करतं? कॉम्प्युटर. लायब्निझ या जर्मन गणितज्ञानं हे शून्य-एकाचं गणित १७०३ च्या लेखात मांडलं म्हणून त्याचं नाव झालं, पण जोंधळं मोजणारी बाई तेच हातानं करत होती, फक्त तिनं पेपर छापला नाही.

करून बघू. कोळवं १, चिपटं २, मापटं ४, शेर ८, अधोली १६, पायली ३२. ही सहा मापं एकेकदाच वापरायची असं ठरवलं तरी १ पासनं ६३ कोळव्यांपर्यंत कुठलंही प्रमाण मोजता येतं, एकही आकडा सुटत नाही. कुणाला ४५ कोळवी जोंधळं द्यायचंय समजा. ४५ मधनं पायली काढली, राहिले १३. अधोली १६ ची, ती बसत नाही, सोडून द्या. शेर काढला, राहिले ५. मापटं काढलं, राहिला १. चिपटं बसत नाही. कोळवं काढलं, संपलं. आता वापरलं त्या मापाला १ आणि सोडलं त्याला ० असं मोठ्यापासनं लिहीत या, १०११०१. ४५ हा आकडा कॉम्प्युटरच्या पोटात असाच्या असा असतो. मापं अशी दुप्पट-दुप्पट का झाली याचं कारण पण साधं असावं, ढिगाचे डोळ्यानं दोन सारखे भाग करता येतात, दहा सारखे भाग करायला बसलात तर भांडणं होतील.

अर्ध्या-पावाचं आपलं प्रेम तर पाढ्यात पण उतरलंय, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ ज्या गावात आहे तिथं तरी औटकी बुडायला नको होती, पण बुडाली.

आता जरा मोठ्या आकड्यांकडं. पावसाळ्यात दुसरी बातमी असते राधानगरीची, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. असे सात दरवाजे आहेत आणि एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी पडतं, म्हणून चार उघडले की ५७१२ अशी बातमी येते, हा गुणाकार सगळे करतात. पण क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर, तर एका दरवाजातनं दर सेकंदाला चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी चार टँकर, हे सहसा कुणी करून बघत नाही. आणि धरण मोजतात टीएमसीत, म्हणजे शंभर कोटी घनफुटात, राधानगरीची क्षमता आहे ८.३६ टीएमसी. क्युसेक हा वेग आहे आणि टीएमसी हा साठा, या दोघांची सरळ बेरीज-वजाबाकी होत नाही, मध्ये वेळ घालावी लागते. दिवसाचे सेकंद ८६४००, त्याला ५७१२ नं गुणलं की ४९ कोटी ३५ लाख घनफूट, म्हणजे चार दरवाजे पूर्ण दिवस चालू राहिले तर जेमतेम अर्धा टीएमसी बाहेर पडतो. "चार दरवाजे उघडलेत, आता धरण रिकामं होणार" असं म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा, वरनं नवीन पाणी येत नसतं आणि पाणी याच वेगानं पडत राहिलं असतं, तरी सतरा दिवस लागले असते.

आणि कोल्हापुरात हिशोबाची गोष्ट निघाली आणि ऊस आला नाही असं होत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातनं निघणारी साखर) क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्याच्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. हा ३.४६ कुठनं आला? कुणी टेबलावर बसून मनानं घातला असं वाटतं, पण १०.२५ मध्ये ०.१ किती वेळा बसतो ते बघा, १०२.५ वेळा. आता ३५५ ला १०२.५ नं भागा. ३.४६ येतं. त्याच्या आदल्या हंगामात ३४० रुपये एफआरपी आणि ३.३२ जादा होते, ते पण असंच भागून बघा, जुळतं.

याला टनात फिरवलं की अजून स्वच्छ दिसतं. टनाचा ०.१ टक्का म्हणजे एक किलो. १०.२५ टक्के उतारा म्हणजे टनभर उसातनं १०२.५ किलो साखर, आणि त्याचे ३५५० रुपये, म्हणजे किलोला साधारण ३४ रुपये ६३ पैसे. भाव उसाचा म्हणून जाहीर होतो पण आतला सगळा हिशोब साखरेच्या किलोवर चाललेला असतो. उतारा समजा १२.०५ लागला, तर १.८ वाढला, त्यात ०.१ अठरा वेळा, १८ गुणिले ३.४६ म्हणजे ६२.२८, क्विंटलला झाले ४१७.२८, टनाला ४१७२.८०, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात काय ते. इथं टक्क्यांची एक जागा फार फसवी आहे. १०.२५ वरनं १२.०५ झाला तर लोक म्हणतात उतारा पावणेदोन-दोन टक्क्यानं वाढला, ऐकायला किरकोळ वाटतं. पण १०.२५ च्या मानानं १.८ म्हणजे साडेसतरा टक्के होतात, आणि पैसे पण बरोबर तेवढ्याच प्रमाणात वाढलेत. उसाचे दोन टक्के वेगळे आणि साखरेचे साडेसतरा टक्के वेगळे, टक्का एकटा कधी फिरत नाही, तो कशाचा तरी असतो.

महाद्वार रोडला वीस टक्के सूट आणि वर आणखी दहा टक्के अशी पाटी असेल तर तीस मिळत नाहीत, अठ्ठावीसच मिळतात, कारण दुसरे दहा हे उरलेल्या ऐंशीचे असतात. हे आता बहुतेकांना माहीत झालंय.

जमिनीत मात्र अजून माणसं गंडतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात, आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, जवळपास १०७६ चौरस फूट. बोलताना सगळे आराला गुंठाच म्हणतात, आणि एका गुंठ्यात फरक पण तेरा चौरस फुटांचाच, कोण बघतोय. पण सातबाऱ्यावर ०.४०.०० (म्हणजे ४० आर) असेल आणि तुम्ही पूर्ण एकर समजून पैसे मोजले तर सुमारे ५०४ चौरस फूट जमीन कमी येते, जवळजवळ अर्धा गुंठा. गावाबाहेरच्या रानात ते खपून जाईल, पण रस्त्याकडेच्या एनए (बिगरशेती) प्लॉटचा दर चौरस फुटावर बोलतात, समजा दोन हजार धरला तर दहा लाख आठ हजार रुपये, तेव्हा इसार देण्याआधी समोरच्याला एवढं विचारा की दर गुंठ्याचा सांगताय का आराचा, आणि तेच साठेखतात चौरस मीटरमध्ये लिहून घ्या.