मशीनवर नाव असलेला नगराध्यक्ष, नाव नसलेला महापौर

जानेवारीत मावशीच्या मुलाचा नागपूरहून फोन आला. नोकरीमुळं त्याचं नाव आता तिथल्या मतदारयादीत गेलंय आणि १५ जानेवारी २०२६ ला त्यानं पहिल्यांदाच महानगरपालिकेसाठी मत दिलं. आवाजात काळजी होती. "भाऊ, चार बटना दाबल्या, पण महापौराचं नाव मशीनवर कुठीच नव्हतं. माह्यं काही राहून त नाही गेलं?"

काही राहिलं नव्हतं. पण हा प्रश्न त्याला पडणं अगदी रास्त होतं. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, तालुक्याच्या गावात लेआऊटमध्ये राहते आणि वेचणीच्या दिवसांत अजूनही शेतावर येते. २ डिसेंबरला ती कापसाची वेचणी अर्धा दिवस सोडून मतदानाला गेली होती. तिनं दोन मतं नगरसेवकांना दिली आणि तिसरं थेट नगराध्यक्षाला. इकडं गावात आम्ही सरपंचाला थेट मत देतो. ज्यानं गावाकडं हेच पाहिलं, तो शहरात गेल्यावर महापौराचं नाव मशीनवर शोधणारच. महापौर म्हणजे मोठ्या गावचा नगराध्यक्ष, असंच आपल्याकडं बहुतेकांना वाटतं.

दोघंही शहराचे प्रथम नागरिक म्हणवले जातात, दोघंही सभेत मधल्या खुर्चीवर बसतात. पण त्या खुर्चीपर्यंत जाण्याची वाट वेगळी, आणि बसल्यावर हातात येणारा अधिकारही वेगळा.

आधी कुठं कोण असतो ते पाहू. साधारण तीन लाखांवर लोकवस्ती गेली की महानगरपालिका होऊ शकते, आणि तिथं महापौर असतो. विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांत महानगरपालिका चारच आहेत: नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर. बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा, भंडारा, गोंदिया, गडचिरोली ही जिल्ह्याची ठिकाणं असली तरी तिथं नगरपरिषदाच आहेत, म्हणून तिथं नगराध्यक्ष. त्याहून लहान गावांत नगरपंचायत, तिच्या प्रमुखालाही नगराध्यक्षच म्हणतात. अकोला २००१ मध्ये महानगरपालिका झालं, चंद्रपूर २०११ मध्ये. तोवर या दोन्ही गावांत नगराध्यक्ष होते, नंतर महापौर आले. गाव तेच राहिलं, कायदा बदलला. नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमावर चालतात, महानगरपालिका १९४९ च्या.

निवडणुकीतला फरक सगळ्यात मोठा आहे. नागपुरात नगरसेवकांच्या १५१ जागा आहेत. लोक नगरसेवक निवडतात, आणि ते नगरसेवक सभागृहात बसून आपल्यातल्या एकाला महापौर करतात. सगळे हजर असतील तर ७६ मतं ज्याच्या मागं, तो महापौर. २०१७ मध्ये भाजपचे १०८ नगरसेवक आले, तेव्हा महापौर कोणत्या पक्षाचा हे निकालाच्या दिवशीच ठरलं. कोण, हे पक्षानं ठरवलं. मुदत अडीच वर्षांची, म्हणजे एका सभागृहाच्या पाच वर्षांत दोन महापौर. पूर्वी तर महापौर वर्षभराचाच असे.

नगराध्यक्षाला पाच वर्षं मिळतात आणि तो गावाच्या मतानं येतो. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी असेच २८८ नगराध्यक्ष थेट निवडायचे होते. मतमोजणी खरं तर ३ डिसेंबरला व्हायची, पण काही ठिकाणचं मतदान पुढं गेलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं सगळीकडची मोजणी एकाच दिवशी, २१ डिसेंबरला झाली. एका गावचा निकाल दुसऱ्या गावच्या मतदानावर परिणाम करू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो.

आरक्षणाची सोडतही यामुळंच वेगवेगळ्या वेळी निघते. नगराध्यक्षाचं पद महिलेसाठी आहे, अनुसूचित जातीसाठी आहे की खुलं, हे अर्ज भरण्याआधीच कळावं लागतं, कारण उमेदवार त्याच पदासाठी उभा राहतो. महापौरपदाची सोडत मात्र यावेळी जानेवारीत, नगरसेवकांचा निकाल लागून गेल्यावर निघाली. महापौर व्हायचं मनात धरून लढलेल्या नगरसेवकाला जिंकल्यानंतर कळतं की या खेपेला आपला नंबरच लागू शकत नाही.

नगराध्यक्षाची थेट निवड मात्र कायम टिकलेली नाही. २००१ मध्ये ती होती, पुढं गेली. २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. सरपंचाचंही तसंच: २०१७ ला थेट, २०२० ला बंद, २०२२ ला परत थेट. सरकार बदललं की आपल्या हातातलं एक मत कमी-जास्त होतं. मला हे मनापासून खटकतं. पद्धत कोणतीही ठेवा, पण ती दोन-चार निवडणुका तरी टिकू द्या. लोकांना नियम उमगेपर्यंत नियमच बदललेला असतो.

यात एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडायचा निर्णय झाला तेव्हा मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस, आणि ते स्वतः महापौर राहिलेले. १९९२ ला नागपुरात नगरसेवक, १९९७ ला तिशीच्या आत महापौर, १९९९ ला पश्चिम नागपुरातून आमदार. म्हणजे नगरसेवकांच्या मतांवर महापौर झालेल्या माणसाच्या सरकारनं नगराध्यक्षाला लोकांच्या मतावर आणलं, आणि महापौराची निवड होती तशीच ठेवली. नागपूरचे पहिले निवडून आलेले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे हेही पुढं राज्याच्या राजकारणात गेले. मुंबईचं क्रिकेटचं मैदान त्यांच्याच नावाचं. नागपूरचं महापौरपद ही कितीतरी जणांसाठी पायरी ठरली आहे. नगराध्यक्षही आमदार होतात, पण त्यांची ओळख बहुधा आपल्या गावापुरती राहते.

आता अधिकार. गावाकडच्या माणसाची इथं सगळ्यात जास्त फसगत होते. महापौराचा झगा, गळ्यातली साखळी पाहून वाटतं की शहर हाच चालवतो. पण महानगरपालिकेत कारभाराचे अधिकार आयुक्तांकडं असतात, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. पैशाच्या मंजुरीसाठी सोळा सदस्यांची स्थायी समिती असते, तिचा सभापती वेगळा. महापौराकडं सभागृह असतं: सभा बोलावणं, चालवणं, बरोबरी झाली तर निर्णायक मत देणं. २००० च्या आसपास नागपूरचे रस्ते रुंद झाले, त्या कामाला लोक आजही आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या नावानं ओळखतात. तेव्हा महापौर कोण होतं, विचारून पाहा. जून २०२० मध्ये महापौर संदीप जोशी आणि आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यातला वाद इतका वाढला की आयुक्त सभा सोडून निघून गेले. ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली. बदलीचा निर्णयही राज्य सरकारचाच होता.

नगरपरिषदेतही मुख्याधिकारी सरकारच पाठवतं. पण तिथं नगराध्यक्ष पदसिद्ध स्थायी समितीचा सभापती असतो, कारभारावर देखरेखीचा अधिकार त्याला आहे, आणि पाच वर्षं तो सहसा हलत नाही. तिजोरी लहान, पण तिच्याजवळ त्याची खुर्ची जास्त सरकवलेली.

त्याची अडचण वेगळीच आहे. लोक नगराध्यक्षाला एका पक्षाचं मत देतात, नगरसेवकाला दुसऱ्या. मग अध्यक्ष एकीकडचा आणि बहुमत दुसरीकडचं असं होतं. ठराव तर सभेच्या बहुमतानंच होतात. नळयोजनेचा ठराव सभेत अडकला की लोक जाब नगराध्यक्षालाच विचारतात, कारण मत त्याला दिलेलं असतं. महापौरावर ही वेळ सहसा येत नाही. बहुमत मागं होतं म्हणूनच तो महापौर झालेला असतो.

भावाला फोनवर हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तुझी चारही मतं बरोबर पडली, त्या चौघांतले जे निवडून येतील ते तुझ्या वतीनं महापौराला मत देतील. उद्या गल्लीतल्या दिव्यासाठी अर्ज करायचा झाला तर प्रभागातल्या नगरसेवकाची चिठ्ठी घे आणि झोन कार्यालयात दे, पोच घ्यायला विसरू नको. महापौराच्या दारात उभा राहू नको.

"अन् आईनं कोणाकडं जायचं?" त्यानं विचारलं.

तिनं नगराध्यक्षाच्या घरी जायचं. तिच्या लेआऊटपासून तिसऱ्या गल्लीत आहे.