आरएडी बॅले परीक्षा आणि इंग्लंडमधल्या बॅले शाळा : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

रॉयल अकॅडमी ऑफ डान्स, म्हणजे आरएडी, या लंडनच्या संस्थेच्या बॅले परीक्षेचा अर्ज पालकांना परस्पर भरता येत नाही. तो शिक्षिकेमार्फत जातो, आणि त्या शिक्षिकेची आरएडीकडे चालू नोंदणी असावी लागते. त्यामुळे क्लासला नाव घालण्याआधी एकच प्रश्न स्पष्ट विचारावा: परीक्षेचा अर्ज कोणाच्या नावाने जाणार? ‘आमच्याकडे आरएडी पद्धतीने शिकवतात’ हे त्याचं उत्तर नाही. पद्धत कोणीही शिकवू शकतं, अर्ज मात्र नोंदणी असलेलीच व्यक्ती पाठवते. आरएडीच्या संकेतस्थळावर शिक्षक शोधण्याची सोय आहे. तिथे नाव पाहून घ्यावं. मुंबईत ही परंपरा जुनी आहे, तुश्ना डल्लास यांनी १९६६ साली तिथे बॅलेची शाळा सुरू केली. इतर शहरांत मात्र नोंदणीकृत शिक्षक मोजकेच. तीन-चार वर्षं मन लावून शिकल्यावर मुलीला परीक्षेलाच बसता येत नाही असं कळणं फार जिव्हारी लागतं, म्हणून ही चौकशी पहिल्या दिवशीच करा.

कोणती परीक्षा, कितव्या वर्षी

आरएडीच्या परीक्षांच्या दोन वाटा आहेत आणि पालकांचा गोंधळ नेमका इथे होतो. पहिली वाट ग्रेडची: प्री-प्रायमरी, प्रायमरी, मग ग्रेड १ ते ८. प्री-प्रायमरीला किमान वय ५, प्रायमरीला ६ आणि ग्रेड १ ला ७ वर्षं लागतं. दुसरी वाट व्होकेशनल, म्हणजे ज्यांना नृत्य गंभीरपणे पुढे न्यायचं आहे त्यांच्यासाठी: इंटरमिजिएट फाउंडेशन (किमान वय ११), इंटरमिजिएट (१२), अॅडव्हान्स्ड फाउंडेशन (१३), अॅडव्हान्स्ड १ (१४) आणि अॅडव्हान्स्ड २ (१५). सगळ्यात वर सोलो सील अवॉर्ड; त्यासाठी अॅडव्हान्स्ड २ डिस्टिंक्शनमध्ये झालेली असावी लागते.

ग्रेड ८ झाल्याशिवाय व्होकेशनल देता येत नाही, हा समज चुकीचा आहे. ग्रेड ४-५ करणाऱ्या मुली त्याच सुमारास इंटरमिजिएट फाउंडेशनची तयारी सुरू करतात. पहिल्या दोन व्होकेशनल परीक्षांना आधीच्या कुठल्याही प्रमाणपत्राची अट नाही. अट लागते ती पुढे. इंटरमिजिएट उत्तीर्ण नसेल तर अॅडव्हान्स्डच्या दारातून आत जाता येत नाही, आणि अॅडव्हान्स्ड १ शिवाय अॅडव्हान्स्ड २ नाही.

अट नाही म्हणून घाई करू नये. इंटरमिजिएट फाउंडेशनपासून पॉइंटवरचं काम सुरू होतं, म्हणजे सगळं वजन पायाच्या बोटांच्या टोकावर. वाढत्या वयात पायाची हाडं अजून पक्की झालेली नसतात. घोटा आणि पोटाचे स्नायू तयार नसताना पॉइंट शूज चढवले तर बोटं आत दुमडतात, घोटा बाहेर कलतो, आणि दुखणं पुढे वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. घरच्या घरी एक साधी खूण बघता येते: मुलगी कशाचाही आधार न घेता एका पायाच्या चवड्यावर, गुडघा सरळ ठेवून, घोटा न डगमगता उभी राहते का? राहत नसेल तर वय कितीही असो, परीक्षा एक वर्ष मागे न्यावी. राहिली म्हणून लगेच शूज आणायचे असंही नाही, तो निर्णय शिक्षिकेचा.

गुण १०० पैकी असतात. ४० ला पास, ५५ ला मेरिट, ७५ ला डिस्टिंक्शन. प्रमाणपत्रावर एकूण निकाल असतो, पण गुणपत्रकावर विभागवार गुण येतात आणि पालकांनी वाचायचं ते हेच. तंत्रात चांगले आणि संगीताच्या विभागात कमी गुण असतील तर मुलगी स्टेप पाठ करते आहे, ताल ऐकत नाही, एवढं त्यातून सरळ कळतं.

लहान ग्रेडमध्ये परीक्षेऐवजी क्लास अवॉर्डचाही पर्याय आहे. त्यात शिक्षिका स्वतः वर्ग घेते आणि परीक्षक तो पाहतो. मूळ परीक्षेत मात्र शिक्षिका आत नसते. समोर परीक्षक आणि संगीत लावणारी व्यक्ती. बुजणाऱ्या मुलांसाठी पहिल्या वर्षी क्लास अवॉर्ड हा चांगला मार्ग आहे.

अर्ज भरताना

प्रत्येक मुलाला आरएडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो आणि तो पुढच्या सगळ्या परीक्षांना तोच राहतो. क्लास बदलला की नव्या शिक्षिकेला हा क्रमांक पहिल्यांदा द्या. नाही दिला तर त्याच मुलीची दुसरी नोंद तयार होते आणि अॅडव्हान्स्डच्या वेळी इंटरमिजिएटचा निकाल शोधत बसावं लागतं.

यानंतर नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. शिक्षिकेने घाईत ‘सई कुलकर्णी’ भरलं आणि पासपोर्टवर ‘सई महेश कुलकर्णी’ असेल, तर प्रमाणपत्र आणि पासपोर्ट जुळत नाहीत. प्रमाणपत्र अर्जातल्या नावावरूनच छापलं जातं. म्हणून पासपोर्टची, नसेल तर जन्मदाखल्याची प्रत शिक्षिकेकडे द्या आणि अर्ज पाठवण्यापूर्वी इंग्रजी स्पेलिंग व जन्मतारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.

जन्मदाखलाही एकदा उघडून बघा. रुग्णालयातून नोंद झाल्यावर लगेच काढलेल्या पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. जिथे जन्माची नोंद झाली त्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करून नाव समाविष्ट करून घ्यावं लागतं. हे काम परदेशी अर्जाच्या आठवड्यात निघालं तर सगळं अडून बसतं.

दुखापत, आजार किंवा अपंगत्वामुळे वेगळी सोय हवी असेल, तर ती मागण्याची रीतसर पद्धत आरएडीकडे आहे. अर्जासोबत वैद्यकीय कागद जोडून आधीच मागावी, परीक्षेच्या सकाळी नाही.

परीक्षेच्या दिवशी चुका होतात त्या संगीतात. बऱ्याच ग्रेडमध्ये नृत्याचे पर्याय असतात आणि कोणती मुलगी कोणता पर्याय नाचणार याची यादी आधी तयार होते. त्या यादीत क्रमांक इकडचा तिकडे झाला की भलतंच संगीत वाजतं आणि आठ-नऊ वर्षांचं पोर जागच्या जागी थिजतं. अंगावर लावायचा क्रमांक, उभं राहण्याचा क्रम आणि संगीताची यादी, तिन्ही एकत्र धरून आदल्या दिवशी एक रंगीत तालीम करायला शिक्षिकेला सांगा. कॅरेक्टर विभागासाठी, म्हणजे युरोपातल्या लोकनृत्यांवर बेतलेल्या भागासाठी, टाचेचे बूट आणि घेरदार स्कर्ट लागतो. फरशीवर अनवाणी सराव करून हा विभाग जमत नाही. सराव त्या बुटांतच हवा.

दहावीच्या वाढीव गुणांची चौकशी बरेच पालक करतात. राज्य मंडळाची ती सवलत भारतीय शास्त्रीय कला आणि लोककलांसाठी, शासनाने मान्य केलेल्या संस्थांच्या परीक्षांवर मिळते. बॅलेच्या परीक्षा त्यात धरू नका.

इंग्लंडमधल्या शाळेत प्रवेश

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: आरएडीच्या प्रमाणपत्रांची फाइल कितीही जाड असली तरी तिच्यावर बॅले शाळेत प्रवेश मिळत नाही. प्रवेश मिळतो ऑडिशनवर. मुंबईच्या अमिरुद्दीन शाहची रॉयल बॅले स्कूलमध्ये २०१७ साली निवड झाली, तेव्हा त्याला बॅले शिकायला लागून तीन वर्षंही झाली नव्हती. शाळा शरीराची ठेवण, नितंबाच्या सांध्यातून बाहेरच्या बाजूला फिरणारा पाय, संगीताची जाण आणि शिकण्याची क्षमता पाहतात. पदकं पाहत नाहीत.

रॉयल बॅले स्कूलचा ११ ते १६ वयोगट रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये आणि १६ ते १९ वयोगट कॉव्हेंट गार्डनमध्ये शिकतो. इंग्लिश नॅशनल बॅले स्कूल १६ नंतरची. सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि वय १ सप्टेंबरच्या हिशेबाने धरलं जातं, आपल्या जूनच्या नाही. अर्ज त्याच्या आदल्या शरद ऋतूतच सुरू होतात. आपली दिवाळी झाल्यावर जागं झालो तर बहुतेकदा ते वर्ष गेलं.

पहिल्या फेरीत फोटो आणि व्हिडिओ मागतात. पहिल्या स्थितीत (टाचा जुळवून, पावलं बाहेर वळवून) समोरून, तांद्यू (पाय जमिनीला टेकवून ताणलेला) बाजूला, अरबेस्क (एका पायावर उभं राहून दुसरा मागे उचललेला) अशा ठरलेल्या मुद्रा असतात. साधा लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा नाचाचा पोशाख), अंगावर स्कर्ट नको, मागे कोरी भिंत, कॅमेरा कंबरेच्या उंचीवर. कॅमेरा खाली ठेवून पाय उंच दिसतो, पण परीक्षकांना फरशीच्या रेषेवरून ते लगेच कळतं. पाय ९० अंशांवर स्वच्छ असेल तर तोच पाठवा. १२० अंशांवर नेताना कंबर वाकडी होत असेल तर तो फोटो नुकसानच करतो.

निवड झाल्यावर खरी धावपळ व्हिसाची. ४ ते १७ वयासाठी चाइल्ड स्टुडंट आणि १६ पासून पुढे स्टुडंट व्हिसा आहे. १६-१७ वर्षांच्या मुलांना कोणता लागतो हे अभ्यासक्रमावरून ठरतं. शाळेकडून सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का केल्याचा क्रमांक आल्याशिवाय अर्ज करता येत नाही. भारतातून ६ महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्याला मान्यताप्राप्त केंद्रातूनच क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. आई-वडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र लागतं. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं.

सर्वात जास्त अर्ज अडतात ते पैशाच्या पुराव्यावर. ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतला हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शेअर्स किंवा पेन्शनची रक्कम यात धरत नाहीत. दिल्लीच्या कमल सिंगने २०२० साली इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलसाठी लोकवर्गणीतून पैसे उभे केले होते. असा मार्ग घेणार असाल तर शेवटची देणगी येण्याची तारीख आणि हे २८ दिवस यांचा मेळ आधी घाला.

पासपोर्ट आधीच काढून ठेवा. अल्पवयीन मुलांसाठी आई-वडिलांच्या सहीचं परिशिष्ट डी लागतं, आणि त्यांचा पासपोर्ट साधारण ५ वर्षांचाच असतो. लहानपणी सुट्टीच्या सहलीला काढलेला नेमका ऐन वेळी संपत आलेला निघतो.

प्रमाणपत्रं कुठे कामाला येतात

शिकवण्याच्या क्षेत्रात. आरएडीचा दूरशिक्षणाचा सर्टिफिकेट इन बॅले टीचिंग स्टडीज हा अभ्यासक्रम घरी राहून करता येतो, आणि तो पूर्ण झाल्यावर नोंदणीकृत शिक्षक होण्याचा रस्ता खुला होतो. महाराष्ट्रात अशा शिक्षकांची गरज मोठी आहे. या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आरएडीची इंटरमिजिएट, किंवा तिच्या तोडीची परीक्षा, उत्तीर्ण झालेली असावी लागते. आपल्याकडे नववी-दहावी आली की क्लास बंद होतो, आणि नेमकी तीच परीक्षा राहून जाते. इंटरमिजिएटचं किमान वय १२ आहे. मुलीचं शरीर तयार असेल तर आठवीच्या वर्षात ती देऊन ठेवा आणि मग हवी तर दहावीसाठी सुट्टी घ्या.