संयुक्त अँग्लिकन-मेथडिस्ट पॅरिश आणि नव्या पाळकाची निवड

चर्च ऑफ इंग्लंड (अँग्लिकन) आणि ब्रिटनमधील मेथडिस्ट चर्च या दोन ख्रिस्ती पंथांच्या स्थानिक मंडळ्या जिथे एकत्र उपासना करतात आणि बहुधा एकच इमारत व एकच कार्यकारी समिती वापरतात, त्या पॅरिशला, म्हणजे चर्चच्या कार्यक्षेत्राला, संयुक्त अँग्लिकन-मेथडिस्ट पॅरिश म्हणता येईल. इंग्लंडमध्ये या व्यवस्थेचे रूढ नाव ‘लोकल इक्युमेनिकल पार्टनरशिप’, थोडक्यात एलईपी. काही ठिकाणी तीत युनायटेड रिफॉर्म्ड किंवा बाप्टिस्ट मंडळीही सामील असते. रविवारी नव्याने आलेल्या माणसाला इथे दोन पंथ नांदतात हे सहसा कळतही नाही. पाळक निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला, की मात्र दोन्हींचे कायदे, पंचांग आणि हिशेब वेगळे असल्याचे एकदम उघड होते. स्थानिक ऐक्य किती मुरले आहे याची परीक्षा याच रिकाम्या काळात होते, त्यामुळे या नोंदीत भर त्यावरच आहे.

पार्श्वभूमी

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) मरेपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचाच धर्मगुरू होता. त्याने आपल्या अनुयायांना वेगळा पंथ काढू नका असे सांगितले, आणि त्याच वेळी १७८४ मध्ये अमेरिकेसाठी स्वतःच माणसांना दीक्षा देऊन वेगळेपणाचे दारही उघडले. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांत फूट पक्की झाली. पुढे मेथडिस्टांतही अनेक शाखा निघाल्या; ब्रिटनमधील त्यांपैकी तीन मोठ्या शाखा १९३२ साली एक झाल्या.

परत एकत्र येण्याची गंभीर बोलणी कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांच्या १९४६ मधील केंब्रिज येथील प्रवचनानंतर सुरू झाली. १९६९ मध्ये योजना मताला आली तेव्हा ७५ टक्के होकार आवश्यक होता. मेथडिस्टांनी तो दिला, अँग्लिकन बाजू सुमारे ६९ टक्क्यांवर थांबली. १९७२ मध्ये जनरल सिनॉडसमोर, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च प्रतिनिधिसभेसमोर, तीच योजना पुन्हा आली आणि पाठिंबा आणखी घटून ६६ टक्क्यांच्या आसपास आला. अडचण मुख्यतः बिशपच्या हस्ते झालेल्या दीक्षेची होती. ब्रिटिश मेथडिस्टांत बिशप नाहीत. मग त्यांच्या पाळकांची दीक्षा अँग्लिकनांनी पूर्ण मानायची का, आणि मानायची नसेल तर त्यांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावणे हा अपमान नव्हे का, या पेचावर सर्वांना पटेल असे उत्तर निघाले नाही.

वरच्या पातळीवर घोडे अडले तरी खाली माणसे थांबली नव्हती. १९६४ च्या नॉटिंगहॅम परिषदेने ‘ऐक्य-प्रयोगाची क्षेत्रे’ ठरवावीत असे सुचवले होते. १९८० च्या ईस्टरपर्यंत संपूर्ण ऐक्य व्हावे अशीही त्या परिषदेची उमेद होती. ती फोल ठरली, पण प्रयोगाची क्षेत्रे उभी राहिली. १९६९ च्या कायद्याने दोन पंथांना एका चर्चच्या इमारतीत कायदेशीर भागीदारी करता येऊ लागली. नव्याने वसवलेल्या शहरांत याचा विशेष उपयोग झाला, कारण तिथे प्रत्येक पंथाने वेगळे चर्च बांधणे परवडणारे नव्हते. मिल्टन कीन्समधील ‘चर्च ऑफ क्राइस्ट द कॉर्नरस्टोन’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९९२ मध्ये खुल्या झालेल्या या चर्चमध्ये अँग्लिकन आणि मेथडिस्टांबरोबर बाप्टिस्ट, युनायटेड रिफॉर्म्ड आणि रोमन कॅथलिकही भागीदार आहेत. खेड्यांत कारण उलटे होते. तिथे जुन्या दोन इमारतींपैकी एकीचेच छप्पर दुरुस्त करण्याइतका पैसा उरला होता. गरजेपोटी झालेली ही सोयरीक पुढे प्रेमाची झाली, असे बऱ्याच गावांबद्दल म्हणता येईल.

१९८९ मध्ये अँग्लिकन धर्मनियमांत बी ४३ आणि बी ४४ ही कलमे आली आणि संयुक्त पॅरिशला नियमांचा आधार मिळाला. १ नोव्हेंबर २००३ रोजी लंडनच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या उपस्थितीत दोन्ही चर्चांनी करारावर सह्या केल्या. त्यात एकमेकांना खरे चर्च म्हणून मान्यता आहे. पाळकांची अदलाबदल मात्र त्याने साधलेली नाही.

पाळक मिळण्याच्या दोन वाटा

अँग्लिकन पद्धतीत पाळक एका विशिष्ट पॅरिशसाठी नेमला जातो. नेमणुकीचा प्रस्ताव मांडण्याचा हक्क ‘पेट्रन’कडे असतो. हा पेट्रन बिशप असेल, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे एखादे कॉलेज असेल, राजघराणे असेल किंवा एखादा न्यास. मध्ययुगातला हा हक्क अजून जिवंत आहे, आणि आपल्याकडच्या वतनदारीच्या अभ्यासकांना त्याची मौज वाटावी. १९८६ च्या कायद्याने त्याला लगाम घातला. पाळक जाणार हे कळल्यावर पॅरिशची समिती कलम ११ खाली बैठक घेते. तिथे पॅरिशची स्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारे निवेदन, म्हणजे ‘पॅरिश प्रोफाइल’, तयार करण्याचे ठरते आणि दोन प्रतिनिधी निवडले जातात. या बैठकीला जाणारा पाळक, त्याचा जोडीदार आणि पेट्रन यांना बसता येत नाही. गेलेल्याने मागे आपला वारस ठरवू नये, हा त्यामागचा शहाणपणा. प्रतिनिधींनी नकार दिला तर पेट्रनला ते नाव सहजासहजी पुढे रेटता येत नाही. बिशपलाही नकाराचा हक्क आहे. मग जाहिरात, अर्ज, मुलाखती. अँग्लिकन पाळकाला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, त्यामुळे वर्षाच्या कुठल्याही महिन्यात जागा रिकामी होते आणि कुठल्याही महिन्यात भरते.

मेथडिस्टांचे सगळेच वेगळे. त्यांचा पाळक एका चर्चचा नसतो, तो ‘सर्किट’चा म्हणजे चर्चांच्या गटाचा असतो. वेस्लीचे प्रचारक घोड्यावरून फिरत आणि एका जागी मुक्काम ठोकत नसत. त्या फिरतीचा अवशेष आजही टिकून आहे. पहिले निमंत्रण साधारण पाच वर्षांचे असते आणि पुढे वाढवता येते. सगळ्या बदल्या १ सप्टेंबरला होतात. आदल्या वर्षीच्या शरदात सर्किट आणि पाळक आपापले प्रोफाइल देतात, नोव्हेंबरमध्ये देशपातळीवरची समिती जोड्या जुळवते, पाळक कुटुंबासह सर्किट पाहून येतो, आणि जमले तर निमंत्रण जाते. न जमल्यास पुढच्या फेऱ्या. अखेरचा शिक्का उन्हाळ्यात भरणाऱ्या वार्षिक कॉन्फरन्सचा. उघड्या बाजारात जाहिरात देऊन अर्ज मागवण्याची इथे रीत नाही. कागदोपत्री मेथडिस्ट मंडळी कधी पाळकाविना नसतेच, कारण सर्किटचा सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख पाळक, जबाबदार असतो.

दोन्हींची सांगड

आता संयुक्त पॅरिशचा पाळक फेब्रुवारीत निवृत्त झाला असे धरू. अँग्लिकन बाजूला लगेच जाहिरात देता येईल. मेथडिस्ट बाजूची नोव्हेंबरची फेरी होऊन गेलेली असते, म्हणजे नियमित मार्गाने पाळक मिळायचा तो पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरला, दीड वर्षानंतर. म्हणून पहिला प्रश्न ‘कोण यावा’ हा नसून ‘कोणत्या पंथाचा यावा’ हा असतो. काही भागीदारींच्या घटनेत पाळीपाळीने पाळक घ्यावा असे लिहिलेले असते. काहींत दोघे असतात, एक पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ. काही ठिकाणी काहीच लिहिलेले नसते, आणि तिथे चर्चा लांबते.

पाळक अँग्लिकन ठरला तर पेट्रन, बिशप आणि कलम ११ यांचा रस्ता. मात्र संयुक्त समिती, मेथडिस्ट सुपरिंटेंडंट आणि मेथडिस्ट जिल्ह्याचा (सर्किटांच्या गटाचा) चेअर म्हणजे प्रमुख यांचा सल्ला घेतला जातो. मेथडिस्ट ठरला तर सर्किट निमंत्रण देते, पण तो पॅरिशचा कायदेशीर ‘इन्कम्बंट’, म्हणजे पदावर नेमलेला पक्का पाळक, होऊ शकत नाही, कारण १६६२ पासून त्या पदाला बिशपच्या हातची दीक्षा लागते. म्हणून जवळपासच्या एखाद्या अँग्लिकन पाळकाकडे कायदेशीर जबाबदारी ठेवावी लागते. अँग्लिकन विधीने लग्न लावायचे तर अँग्लिकन पाळकच बोलवावा लागतो. रोजचे काम करणारा एक आणि कागदावरचा दुसरा, अशी ही रचना. शिवाय बिशप पेट्रनचा हक्क काही काळ स्थगित ठेवून ‘प्रीस्ट-इन-चार्ज’ नेमू शकतो. पॅरिशांची पुनर्रचना चालू असलेल्या भागात हा मार्ग वापरला जातो आणि मंडळीला तो फारसा आवडत नाही. आपल्याला पक्का पाळक नाकारला गेला असे वाटते.

पैसा आणि घर हेही सोडवायचे विषय. अँग्लिकन पॅरिश धर्मप्रांताला वार्षिक वाटा देते, मेथडिस्ट चर्च सर्किटला. संयुक्त मंडळीला दोन्ही तिजोऱ्यांशी बोलावे लागते. घर धर्मप्रांताचे असेल तर ती व्हिकारेज, सर्किटचे असेल तर मॅन्स. नव्या पाळकाने कुठल्या घरात राहायचे आणि दुरुस्ती कोणाच्या खर्चाने करायची, हे आधी ठरले नाही तर वाद होतो.

प्रोफाइल लिहिताना मंडळीला स्वतःकडे खरेपणाने पाहावे लागते. अँग्लिकन बाजूला ‘इलेक्टोरल रोल’ म्हणजे मतदारयादी, मेथडिस्ट बाजूला सदस्यांची यादी, आणि संयुक्त दृढीकरण (कन्फर्मेशन) घेतलेल्यांची नावे दोन्हींत. एकूण किती माणसे आहेत हे सांगणेच अवघड होते. उपासनेच्या तपशिलात आणखी खाचखळगे आहेत. अँग्लिकन नियमाने प्रभुभोजनाला आंबवलेल्या द्राक्षरसाची म्हणजे खऱ्या वाइनची गरज असते. मेथडिस्टांची मद्यविरोधी परंपरा न आंबवलेला रस मागते. त्यामुळे आजचा विधी कोणत्या पद्धतीचा आणि अध्यक्ष कोण, हे आधी जाहीर करावे लागते. मेथडिस्ट कॉन्फरन्स विशेष गरजेच्या ठिकाणी दीक्षा नसलेल्या व्यक्तीलाही प्रभुभोजन चालवण्याची परवानगी देते. अँग्लिकनांना ते चालत नाही. स्त्रियांना मेथडिस्टांनी १९७४ पासून पाळकपदाची दीक्षा दिली, चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ पासून. २०२१ मध्ये मेथडिस्ट कॉन्फरन्सने समलिंगी विवाहाला संमती दिली, चर्च ऑफ इंग्लंड आपल्या चर्चांत तो लावत नाही. उमेदवार मुलाखतीत हे विचारतोच, आणि मंडळीचे उत्तर आधी ठरलेले असावे लागते.

मधला काळ

जागा रिकामी असताना पॅरिशचा गाडा अँग्लिकन चर्चवॉर्डन आणि मेथडिस्ट स्टुअर्ड हे मंडळीतलेच पदाधिकारी ओढतात. इथे मेथडिस्ट वारसा फार उपयोगी पडतो. सर्किटचा तीन महिन्यांचा ‘प्लॅन’ असतो, कोणत्या रविवारी कोणत्या चर्चमध्ये कोण प्रवचन देणार याचा तक्ता, आणि प्रशिक्षित लोकल प्रीचर ही सामान्य माणसांतली मोठी फळी असते. त्यामुळे वचनाची उपासना खंडित होत नाही. प्रभुभोजनासाठी मात्र शेजारचे किंवा निवृत्त पाळक शोधावे लागतात. आपण सगळे स्वतः चालवू शकतो हा आत्मविश्वास काही मंडळ्यांना याच महिन्यांत येतो. मग नवा पाळक आला की त्याला थोडे परके वाटते, हेही खरे.

नव्याच्या स्वागताची उपासना दोन्ही रीतींची मिळून होते. पाळक अँग्लिकन इन्कम्बंट असेल तर बिशप त्याला पदावर बसवतो, आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्मगुरू) त्याच्या हाती चर्चचा ताबा देतो आणि नवा पाळक घंटा वाजवतो. मेथडिस्ट बाजूने जिल्ह्याचा चेअर किंवा सुपरिंटेंडंट असतो. मंडळीही नव्या पाळकाला साथ देण्याचे वचन देते.

पाळकांची संख्या दोन्ही चर्चांत कमी होत असल्याने एका पाळकाकडे अनेक चर्चे येतात, आणि संयुक्त पॅरिश हा प्रयोग न राहता कित्येक ठिकाणी सोय बनला आहे. २०१७ मध्ये दोन्ही चर्चांच्या गटाने एक तोडगा मांडला. मेथडिस्ट कॉन्फरन्सच्या अध्यक्षाला बिशप म्हणून दीक्षा द्यावी आणि आधीच्या मेथडिस्ट पाळकांना पुन्हा दीक्षा न देता अँग्लिकनांनी स्वीकारावे, असा तो प्रस्ताव. तो अमलात आला असता तर वर वर्णन केलेली बरीच गुंतागुंत सुटली असती. तो अजून अमलात आलेला नाही.

भारतातील तुलना

इंग्लंडला जे जमले नाही ते भारतात आधीच झाले. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झाले, आणि दोन्हींत अँग्लिकन व ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एकाच बिशपच्या छत्राखाली आले. सीएनआयच्या मंडळीत पाळक मूळचा कोणत्या पंथाचा हा प्रश्न नेमणुकीच्या वेळी उरत नाही. धर्मप्रांत नेमतो आणि धर्मप्रांतच बदली करतो. पण अमेरिकन परंपरेतून आलेले मेथडिस्ट १९७० मध्ये अखेरच्या क्षणी बाहेर राहिले आणि १९८१ मध्ये त्यांचे स्वायत्त ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाले. या चर्चला मात्र स्वतःचे बिशप आहेत. म्हणून दक्षिण मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च सीएनआयचे, तर अपोलो बंदराजवळचे बोवेन मेमोरियल चर्च मेथडिस्टांचे, आणि दोन्हींच्या पाळकांच्या नेमणुका दोन वेगळ्या व्यवस्थांतून होतात.